गावातला सायकल गट: रविवारच्या फेरीपासून फाट्यावरच्या स्टँडपर्यंत

विदर्भातल्या कोणत्याही गावच्या फाट्यावर सकाळी सहा-साडेसहाला सायकलवाले दिसतातच. कॅरियरला दुधाच्या कॅन अडकवलेला माणूस, पहिली एसटी धरायला निघालेली कॉलेजची पोरं, डबा हँडलला टांगून जिनिंगवर कामाला जाणारे, थोड्या वेळाने शाळेच्या मुली. पण गावात सायकल गट काढू म्हणणाऱ्यांच्या नजरेत हे लोक येत नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे असतात नागपूर-अमरावतीच्या रस्त्यांवर रविवारी दिसणारे, चकचकीत टी-शर्टातले, महागड्या सायकलींवरचे लोक. तसे चार जण गावात सापडत नाहीत आणि गट निघायच्या आधीच बसतो. म्हणून इथे सुरुवात उलट्या टोकाने करू: जे रोज सायकल चालवतात त्यांची वेळ, त्यांचा वेग, आणि त्यांच्या सायकलीला दिवसभर उभी राहायला भरवशाची जागा. रविवारच्या फेरीला माणसं मग शोधावी लागत नाहीत.

आधी वही करा

मोबाइलवरचा ग्रुप नंतर काढा, आधी एक वही घ्या. आठवडाभर फाट्यावर, शाळेच्या गेटवर आणि दूध संकलन केंद्रावर थोडा थोडा वेळ थांबा. कोण सायकलने येतं, कुठून येतं, किती वाजता, आणि दिवसभर सायकल कुठे ठेवतं, एवढं लिहा. मग ज्यांनी सायकल सोडली अशा पाच-सात जणांना सहज विचारा, का सोडली. उत्तरं बहुधा तीनच मिळतात: पंक्चरने जीव नकोसा केला, फाट्यावर ठेवायला जागा नाही, आणि लोक हसतात.

पहिल्या दोन गोष्टींवर इलाज पुढे आहे. तिसऱ्यावर इलाज म्हणजे माणूस. ज्याच्या घरी मोटारसायकल आहे हे साऱ्या गावाला माहीत आहे, असा एखादा निवृत्त गुरुजी, बँकेतला कारकून किंवा दवाखान्यातले डॉक्टर सायकलवर निघाले की हसणारे आपोआप गप्प होतात. असा एक जण पहिल्या दिवसापासून सोबत हवा. सरपंच आले तर चांगलंच, पण त्यांच्या हस्ते उद्घाटन वगैरे ठेवू नका; पुढच्या निवडणुकीत अर्धा गट गळतो.

सहा-आठ जण सुरुवातीला पुरे. बाराच्या वर गेले की दोन तुकड्या करा.

सायकल आहे तीच

पहिले दोन महिने नवीन सायकल घेऊ नका. गोठ्यात, माळ्यावर किंवा भिंतीला टेकून पडलेली एक तरी सायकल बहुतेक घरांत सापडते. ती मिस्त्रीकडे नेऊन ओव्हरऑइलिंग करून घ्या. धुऱ्यातले छर्रे आणि ग्रीस बदलायला सांगा, दोन्ही चाकांचा आऊट (डुलणं) काढून घ्या, ब्रेकचे रबर नवे टाका. ब्रेक तपासायची सोपी रीत अशी: पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं तर ब्रेक धरतो आहे. सायकल तशीच सरकली तर ती घेऊन डांबरी रस्त्यावर जायचं नाही.

नव्या माणसांचे गुडघे दुखतात ते बहुधा सीटमुळे. आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय आहे, पाय जमिनीला पुरले की बरं वाटतं. सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. वाकलेला राहिला तर सीट वर घ्या. टाच पोहोचत नसेल तर खाली. चालवताना पंजा पायडलवर असतो, त्यामुळे गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. एकदम दोन इंच वर घेतली तर घाबरायला होतं, म्हणून दर आठवड्याला अर्धा इंच.

कधी तरी नवी घ्यायचीच झाली तर दुकानात शिरण्यापूर्वी आपल्या मिस्त्रीला विचारा, या मापाचा टायर-ट्यूब तालुक्याला मिळतो का. स्वस्तातल्या सायकलींना पुढे-मागे शॉकप आणि डिस्क ब्रेक लावलेले असतात. दिसायला ते रुबाबदार असतं, पण वजन वाढतं आणि वर्षभरात कुरकुरायला लागतं. त्याच पैशात साधी, शॉकप नसलेली सायकल कितीतरी बरी येते.

अंगावरच्या सामानात हेल्मेट, मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा आणि मडगार्डला व पायडलला रेडियमची पट्टी. पायडल वर-खाली होतं, त्यामुळे त्यावरचं रेडियम मागच्या ट्रकवाल्याला लांबून लुकलुकताना दिसतं. पट्टीला खर्च फारसा येत नाही.

पंक्चर: हे शिकल्याशिवाय फेरी नाही

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पसरलेला सराटा दसरा-दिवाळीच्या सुमारास वाळतो आणि त्याची काटेरी फळं साइडपट्टीवर पडून राहतात. त्यात वावराच्या कुंपणासाठी बोराट्या आणि बाभळीचे फास (काटेरी फांद्या) ओढत नेलेले असतात. सायकल चालवायला वर्षातला सगळ्यात चांगला काळ तोच आणि पंक्चरचाही तोच. म्हणून गटातल्या प्रत्येकाला, मुलींनाही, आपला पंक्चर आपल्याला काढता आला पाहिजे. पहिल्या रविवारी कुठे जाऊच नका. देवळाच्या पारावर सायकली उलट्या ठेवा, एक बादली पाणी आणा आणि हे शिका.

हवा कमी झाली म्हणजे पंक्चरच, असं नाही. साध्या सायकलीच्या व्हॉलमध्ये बारीक रबरी नळी असते, व्हॉलट्यूब. आपल्या उन्हाने ती चिरते. व्हॉलवर थुंकी लावा. बुडबुडा आला तर फक्त व्हॉलट्यूब बदला, काम झालं. खिशात दोन-तीन असू द्याव्यात.

पंक्चर असेल तर चाक न काढताही काम होतं. टायरची एक कड दोन चपट्या पान्यांनी रिमवरून काढा, ट्यूब बाहेर ओढा, हवा मारा, पाण्यात बुडवा. भोक सापडलं की खूण करा, कोरडं करा, कानस किंवा पॉलिश पेपरने घासा आणि सोल्यूशन लावा. पुढची चूक सगळेच करतात: लगेच पॅच चिकटवतात. सोल्यूशनची चमक जाऊन बोटाला जेमतेम चिकटेल इतकं वाळू द्या, मग पॅच दाबा. नाहीतर मे महिन्याच्या तापलेल्या डांबरावर तो सुटणारच.

ट्यूब परत टाकण्याआधी काटा शोधायचा असतो. तो टायरमध्येच राहिला तर शंभर पावलांवर पुन्हा हवा जाते. बोट फिरवलं तर बोटात घुसतो. त्यापेक्षा कापसाचा एक पुंजका घ्या (तो आपल्याकडे कमी नाही) आणि टायरच्या आतून हळूहळू गोल फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे काटा. बाहेरून दिसत नसला तरी तो आहेच; चिमट्याने किंवा नेलकटरने ओढा.

हवा किती मारायची तो आकडा टायरच्या बाजूलाच उठवलेला असतो. हवा कमी ठेवून चालवलं की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. उन्हाळ्यात मात्र सायकल दिवसभर उन्हात राहणार असेल तर आकड्याच्या थोडी खालीच ठेवा.

गटाच्या पिशवीत एक हातपंप, पॅच-सोल्यूशन, एक जादा ट्यूब, चाकाच्या नटाला बसणारा पाना आणि जुनं फडकं एवढं असलं की बास. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की उन्हाळ्यात आतल्या आत वाळते. दर पावसाळ्यानंतर नवी घ्या.

कोणत्या महिन्यात, किती वाजता

३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये तो ठरवला, पण ठरवताना चंद्रपूर-अकोल्याला कोणी विचारलं नव्हतं. नवतपा नुकताच सरत असतो, पारा अजून चाळिशीच्या वर, पावसाचा पत्ता नाही. त्या दिवशी गट सुरू केला की दुसऱ्या रविवारी कोणी येत नाही. सुरुवात दसऱ्याला करा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसात-सातला उगवतो आणि नाल्याच्या उतारात धुकं असतं, म्हणून सातच्या आधी निघू नका. मार्चपासून वेळ मागे ओढत न्या. मे महिन्यात साडेपाचला उजाडतं. तेव्हाच निघायचं आणि आठच्या आत घरात. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर आणि त्यात लिंबू, साखर, चिमूटभर मीठ. घाम यायचा थांबला, डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर सावलीत आडवं करा, अंग ओलं करा, वारा घाला. बोलण्यात गोंधळ वाटला तर वेळ न घालवता १०८ ला फोन.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत सायकल घालायची नाही. चिखल मडगार्डमध्ये असा भरतो की चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घेऊन परतावं लागतं. डांबरी रस्ता धरा. रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबा; घोटाभर दिसणारं पाणी सायकलीसकट माणूस ओढून नेतं, आणि पुढे रपट्याची कड वाहून गेलेली आहे की नाही, हे वरून कळत नाही.

रस्ता कसा निवडायचा

मैलाच्या दगडाचा वरचा रंग पाहा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा असेल तर जिल्हा मार्ग आणि केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. नव्या गटाने केशरी आणि काळे दगड शोधावेत, हिरव्यावर एका ओळीत जावं, पिवळा फक्त ओलांडावा. समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाण्यातल्या कितीतरी गावांच्या शिवारातून जातो, पण त्यावर मोटारसायकललाही बंदी आहे, सायकलीची तर गोष्टच नको. त्याच्या खालून जाणारे बोगदे मात्र उपयोगी. उन्हात सावली मिळते.

ग्रामीण रस्त्याचीही एक खोड आहे. डांबराची पट्टी साधारण पावणेचार मीटरची, त्यामुळे समोरून ट्रॅक्टर आला की खाली उतरावं लागतं. पावसाने साइडपट्टी खचलेली असते आणि डांबराची कड चार-सहा बोटं उंच राहते. उतरताना काही होत नाही. परत वर येताना पुढचं चाक कडेला समांतर घासलं की माणूस आडवा झालाच. वेग कमी करा, हँडल जरा जास्त वळवून कड काटकोनात चढा, नाही जमलं तर पाय टेकून सायकल उचला.

हंगामाप्रमाणे रस्ता बदलतो. ऑक्टोबरात निम्म्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. त्यावर ब्रेक मारला तर घसरलातच, शिवाय ज्याचं सोयाबीन तो बोलतो तेही रास्तच. नोव्हेंबरपासून कापसाच्या गाड्या आणि मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या. पहाटे रोह्यांचे (नीलगाईंचे) कळप आणि रानडुकरं रस्ता ओलांडतात. एक रोही गेला की थांबा, मागून आणखी असतात.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात आणि मेळघाटाच्या पायथ्याशी वेगळा नियम. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, नागभीड या भागात वाघ फक्त जंगलात राहत नाही, शिवारात येतो. तिथे दिवस चांगला वर आल्याशिवाय निघू नये, मावळतीआधी घरी यावं, एकट्याने जाऊ नये आणि रस्त्याकडेच्या झुडपांत लघवीला बसू नये. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांच्या झाडाखाली अस्वलं असतात. निघण्याआधी त्या बीटच्या वनरक्षकाला एक फोन करा, कालपर्यंत वाघ कुठे दिसला हे त्यालाच ठाऊक असतं. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

पहिल्या फेऱ्यांसाठी प्रसिद्ध ठिकाणांमागे लागू नका. शेजारच्या गावचं देऊळ, तलाव, ओळखीच्या कोणाचा संत्र्याचा बगीचा, जानेवारीत कुणाच्या वावरात हुरडा असं काहीतरी चांगलं. वर्ध्याकडच्यांना नशिबाने सेवाग्राम आणि पवनार दोन्ही आठ-दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. पवनारला धाम नदीच्या काठावर बसायला जागाही छान. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट मात्र पहिल्या वर्षी नको. गाव समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे, चढताना दम निघतो आणि उतरताना रबरी ब्रेक तापून वास मारतात.

पहिली फेरी

अंतर जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर. वेग ताशी बारा-तेरा, म्हणजे मध्ये चहा धरून दीड-दोन तासांत घरी. निघण्याआधी दोन माणसं ठरवा: एक पुढचा, एक मागचा. पुढच्याच्या पुढे कोणी जायचं नाही आणि मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. मागचा म्हणून गटातला सगळ्यात तगडा, शांत डोक्याचा माणूस ठेवा, पिशवी त्याच्याकडे. पुढचा म्हणून सगळ्यात हळू चालवणारा ठेवून पाहा. तरण्या पोट्ट्यांना ते पहिल्यांदा आवडत नाही, पण म्हातारे काकाजी आणि नवशिक्या बाया टिकतात ते यामुळेच. पोट्ट्यांची शर्यतीची हौस असेल तर परतीच्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये त्यांना मोकळं सोडा, वस्तीच्या अलीकडे थांबायच्या बोलीवर.

चालताना डावीकडून, दोन सायकलींत एका सायकलीचं अंतर. रिकाम्या गावरस्त्यावर जोडीने गप्पा मारत गेलं तर हरकत नाही. ‘मागून गाडी’ अशी हाक आली की न बोलता एका ओळीत. हाका कमी आणि ठरलेल्या ठेवा: ‘मागून गाडी’, ‘समोर गाडी’, ‘खड्डा’, ‘गिट्टी’, ‘थांबतो’. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. न सांगता ब्रेक मारणाऱ्याच्या मागे हमखास दोघं आदळतात. हाक मागच्यांनी पुढे-मागे पोहोचवायची. प्रत्येक वळणावर सगळे येईपर्यंत थांबायचं, आणि शेवटचा आला की त्यालाही दोन मिनिटं दम खाऊ द्यायचा. तो पोहोचला रे पोहोचला की बाकीचे निघतात, हा अन्याय सगळ्या गटांत होतो.

कुत्रं अंगावर आलं तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, आवाज चढवा आणि चालत पुढे जा.

नाश्ता परतीच्या वाटेवर. तर्री-पोहे खाऊन लगेच पायडल मारले तर तर्री घशाशी येते.

मुली आणि बाया

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यामुळे गावातल्या सगळ्यात नव्या सायकली बहुधा त्यांच्याकडेच असतात. मोठ्या झाल्या की त्याच सायकली धूळ खात पडतात. गटात मुली हव्या असतील तर आधी त्यांच्या आयांना बोलवा. रविवारी सकाळी बाईला घरात काम असतं, तेव्हा त्यांची फेरी संध्याकाळी चार-पाचची, जवळची, नेहमी तीच वाट, नेहमी तीच वेळ. कोणी कोणाला घरापर्यंत सोडायचं हे आधीच ठरलेलं असावं. ज्यांना सायकल येतच नाही अशा मोठ्या बायांना शिकवायचं असेल तर शाळेचं मैदान, पायडल काढलेली लहान सायकल आणि थोडा उतार. पायाने ढकलत तोल आला की पायडल लावा. मागून कॅरियर धरून धावायची गरज पडत नाही. फोटो काढणाऱ्यांना त्या दिवशी मैदानाबाहेर ठेवा.

सायकल ठेवायची कुठे

आता खरं काम. रविवारची फेरी झाली नाही तर कोणाचं काही अडत नाही, पण फाट्यावर सायकल सुरक्षित राहिली तर कॉलेजच्या पोरीचा रोजचा ऑटो वाचतो. आज काय होतं? एसटी येते, पोरं पानठेल्यामागे, बाभळीला, फलकाच्या खांबाला सायकली टेकवून पळतात. संध्याकाळी येऊन पाहतात तर हवा सोडलेली, घंटी गेलेली, कधी सायकलच नाही.

कुलपापासून सुरुवात करू. मागच्या चाकाला असलेलं गोल कुलूप फक्त चाक अडवतं. सायकल उचलून छोट्या हत्तीत (छोट्या टेम्पोत) टाकायला दोन माणसं पुरतात. शिवाय स्वस्त कुलपांच्या चाव्या एकमेकांना लागतात, शाळेतल्या पोरींना हे चांगलं माहीत असतं. ते कुलूप असू द्या, पण जोडीला साखळी हवी. हार्डवेअरच्या दुकानातून जाड कडीची मीटरभर साखळी तोलून घ्या, जुन्या सायकलच्या ट्यूबमध्ये ओवा म्हणजे रंग खरचटत नाही, आणि बरं कुलूप लावा. साखळी फ्रेम, मागचं चाक आणि जमिनीत पक्का असलेला दांडा, तिन्हींतून गेली पाहिजे. पुढच्या चाकातून साखळी घालणाऱ्याला संध्याकाळी पुढचं चाकच सापडतं.

तो पक्का दांडा आपणच उभा करायचा. शाळांत असतात ते फक्त पुढचं चाक अडकवायचे कप्पे बनवू नका. त्यात फ्रेमला साखळी लागत नाही आणि एक सायकल कलंडली की सगळी रांग कलंडते, रिम वाकतात. उलट्या यू आकाराचा साधा दांडा चांगला. दीड इंची जीआय पाइप सहा मीटरचा येतो; त्याचे बरोबर दोन दांडे होतात. प्रत्येकी तीन मीटर: वर आडवा ८० सेंटिमीटर, दोन्ही पाय जमिनीवर ७० आणि जमिनीत ४०. एका दांड्याला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल, म्हणजे एका पाइपात चार सायकली. दोन दांड्यांत एक मीटर जागा सोडा, नाहीतर हँडल एकमेकांत अडकतात. सायकल पावणेदोन-दोन मीटर लांब असते; काढायला-घालायला मागे तेवढीच मोकळी जागा लागते.

वेल्डिंगवाला दांडा करून देईल, पण तो पुरायचा कसा हे आपण पाहायचं. काळ्या जमिनीत खड्डा करून नुसतं काँक्रीट ओतलं तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन-तीन हंगामांत दांडा डुलायला लागतो, हलणाऱ्या दातासारखा. दोन फूट खोल खणा, काळी माती बाहेर फेका, तळाशी मुरूम धुम्मस करून (ठोकून) भरा आणि मग काँक्रीट. पायांच्या खालच्या टोकाला सळईचे आडवे तुकडे वेल्ड करून घ्या, म्हणजे कोणी उपसू शकत नाही. आठवडाभर पाणी मारा, लगेच सायकली लावू नका. सगळीकडे काळी माती असेल तर दुसरा मार्ग म्हणजे चार-पाच दांडे दोन लांब लोखंडी चॅनेलवर वेल्ड करून ती अख्खी चौकट सिमेंटच्या कट्ट्यावर बोल्टने कसायची. जागा बदलायची वेळ आली तर उचलूनही नेता येते.

सावलीसाठी टिनाचं शेड चालतं, मात्र बाजूंनी मोकळं हवं. पश्चिमेकडून हिरवी जाळी लावली तर दुपारचं ऊन अडतं. मागून भिंत बांधू नका. आडोसा झाला की तिथे पत्ते आणि बाटल्या येतात. चोराला आडोसा आवडतो. स्टँड पानठेल्याच्या, चहावाल्याच्या समोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत असावा.

राखणदार म्हणून पानठेलेवाल्याइतका योग्य माणूस फाट्यावर दुसरा नाही. तो सकाळी सगळ्यांत आधी येतो आणि सगळ्यांत शेवटी जातो. फुकटच्या ओळखीवर काम ठेवू नका. दर सायकलमागे महिन्याचे पैसे ठरवा आणि कागदावर लिहून घ्या. त्यात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: ठेला किती वाजेपर्यंत उघडा, शेवटची एसटी उशिरा आली तर काय, आणि तो लग्नाला किंवा बाजाराला गेला तर त्याच्या जागी कोण. बिल्ला पत्र्याचा जोडीचा करा, एक सायकलला, एक मालकाच्या खिशात, नंबर रंगाने टाका. बिल्ला हरवला तर वहीत नाव पाहिल्याशिवाय सायकल द्यायची नाही, मग तो सरपंचाचा पुतण्या का असेना. योजनेतल्या सायकली एका रंगाच्या, एका कंपनीच्या असतात, तेव्हा प्रत्येकीच्या मडगार्डवर ऑइलपेंटने खूण.

जागा आणि पैसे यासाठी ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी त्या भरतात. आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेवर विषय घ्यायला लावा, पोच घ्या. अर्जासोबत तुमच्या वहीतली यादी जोडा. रोज इतक्या सायकली, त्यांत इतक्या मुलींच्या, हे नावासकट असलं की विषय टोलवता येत नाही. ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम घ्या असंच मागा, ‘सुशोभीकरण’ हा शब्द वापरू नका. नाहीतर कारंजं मिळेल. फाट्याची जागा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या हद्दीत असेल तर रस्त्याच्या कडेला पक्कं काही बांधण्याआधी त्यांची परवानगी लागते. तीत वर्ष जातं, म्हणून शाळेची किंवा सोसायटीची जागा जवळ असेल तर आधी तिकडे विचारा.

सायकल घेतल्याचं बिल जपून ठेवा आणि फ्रेमचा नंबर लिहून ठेवा. तो बहुतेक सायकलींवर पायडलच्या धुऱ्याखाली ठोकलेला असतो. माती पुसून वर खडू घासला की आकडे उठून दिसतात. त्याचा एक फोटो आणि मालकासकट सायकलचा एक. हे का, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. सायकल त्याहून महाग होती हे दाखवायला बिल लागतं, आणि सापडलेली सायकल आपलीच हे सांगायला नंबर.

हिशेब आणि पंप

दरमहा थोडी वर्गणी, वही पारावर उघडी, एवढ्यात भागतं. संस्था नोंदवायची घाई करू नका. ज्यांचे पाय पक्के झाले आणि लांब जायची हौस आली त्यांनी नागपूर-अमरावतीकडच्या ब्रेव्हेची (ठरल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या सायकल फेरीची) चौकशी करावी; दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात आणि साध्या सायकलवाल्यांनाही मज्जाव नसतो.

वर्गणीतून पहिली वस्तू घ्यायची ती उभा पायपंप. तो स्टँडच्या दांड्याला साखळीने बांधून ठेवा, कोणीही हवा मारावी. दोन महिन्यांनी पंप ‘फुस्स’ करायला लागला, दांडा खाली जातो पण हवा जात नाही, तर फेकू नका. वरची टोपी फिरवून काढा आणि दांडा बाहेर ओढा. टोकाला चामड्याचा वायसर असेल तर तो उन्हाने वाळून आकसलेला असतो. त्यावर एरंडीच्या तेलाचे चार थेंब टाका, बोटाने त्याच्या कडा बाहेर फाकवा, रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी पुन्हा बसवला की हवा धरतो.